दोर कुणाच्या हाती?

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'घंटानाद' असा छापला आहे. तो वाचून एका परिचितांनी मला दूरध्वनी केला आणि विचारले, "नादब्रह्माविषयी बोलणार असाल ना?" मी म्हणालो, "तेवढा माझा अधिकार नाही. मी एका परक्या देशात घंटा वाजवायला गेलो आणि मला ती वाजवता आली नाही. का वाजवता आली नाही, एवढेच सांगणार आहे." आज तेच सांगण्यासाठी आपल्यापुढे उभा आहे.

प्रारंभीच एक शंका दूर करतो. ती घंटा चर्चची होती. चर्चच्या घंटेचे कौतुक या व्यासपीठावरून कशासाठी, असे कुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु कल्याणकारी विचार सर्व दिशांनी आमच्याकडे येवोत, अशी प्रार्थना आपल्या पूर्वजांनी वेदकाळीच करून ठेवली आहे. दुसऱ्याच्या घरी गेलो म्हणून आपण आपला देव्हारा बदलत नाही; पण त्याने अंगण कसे झाडून ठेवले आहे, हे पाहून यायला हरकत नसते. मी अंगण पाहून आलो आहे.

एकशे तेवीस पायऱ्या

माझी भाची केंब्रिजला गणितात संशोधन करते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे महिनाभर मुक्काम होता. गावाच्या मध्यभागी, बाजारचौकाला लागून ग्रेट सेंट मेरी नावाचे चर्च आहे. विद्यापीठाचे चर्च म्हणून ते ओळखले जाते. त्याचा मनोरा १६०८ मध्ये पूर्ण झाला. आपल्याकडे तुकोबारायांचे जन्मवर्ष म्हणून सामान्यतः जे साल सांगितले जाते, तेच हे साल. इकडे देहूत एक बालक जन्माला येत होते आणि तिकडे गवंडी त्या मनोऱ्याचे शेवटचे दगड बसवीत होते, या विचाराने मला तो मनोरा थोडा ओळखीचा वाटू लागला.

वर जाण्यासाठी एकशे तेवीस पायऱ्या आहेत. जिना दगडी, चक्राकार आणि इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने दोनदा थांबून, जाळीतून बाहेर पाहण्याचे निमित्त करून श्वास घ्यावा, असा तो जिना आहे. या मनोऱ्यातील घड्याळासाठी १७९३ मध्ये पाव-पाव तासाला वाजणारी एक धून बांधली गेली. पुढे लंडनच्या संसदभवनाच्या घड्याळाने ती उचलली आणि तेथून ती जगभर गेली. आमच्या आजोळी ओसरीवर एक लंबकाचे घड्याळ होते. दर पंधरा मिनिटांनी ते जी धून वाजवीत असे, ती हीच. आजोबांनी आयुष्यभर ती ऐकली. ती केंब्रिजची आहे, हे त्यांना कधी कळले नाही.

पण मला थांबवले ते या धूनने नव्हे. रविवारी सकाळी त्याच मनोऱ्यातून बारा घंटांचा एकत्र नाद सुरू झाला. मोठ्या घंटेचा संथ टोल मी अपेक्षिला होता. प्रत्यक्षात वरून जणू धबधबा कोसळत होता. त्यात ओळखीची चाल नव्हती, ताल पकडता येत नव्हता. थोडा वेळ ऐकून मी म्हणालो, "यांची काहीतरी गडबड झालेली दिसते." भाची हसली. "मामा, ही गडबड नाही. हे गणित आहे. आणि ते वाजवणारी माणसे आहेत, यंत्र नव्हे. बुधवारी तुम्हाला घेऊन जाते."

टपालवाल्याची शाळा

बुधवारी सायंकाळी तिने मला केंब्रिजबाहेरच्या एका लहानशा खेड्यात नेले. तेथील चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. त्यांतील सर्वांत जुनी सतराव्या शतकातली. दर बुधवारी गावकरी तेथे सरावाला जमतात. पाहुण्याला मज्जाव नसतो.

आपल्याकडे देवळातली घंटा स्थिर टांगलेली असते. आपण हात उंचावून तिचा लोलक हलवतो आणि टोल पडतो. इंग्लंडातील रीत वेगळी आहे. तेथे घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते, चाकाच्या खाचेतून दोर खालच्या खोलीत उतरतो आणि वाजवण्यापूर्वी घंटा हळूहळू झोके देत पूर्ण उलटी केली जाते. म्हणजे तिचे तोंड आकाशाकडे होते. दोर ओढला की ती तेथून कलते, पूर्ण वर्तुळ फिरते, टोल देते आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर तोल सावरून उभी राहते. दुसऱ्या ओढीला उलट दिशेने तसेच. अडीचशे किलो, पाचशे किलो, मोठ्या मनोऱ्यांत टनाहून अधिक वजनाची घंटा अशी डोक्यावर फिरत असते आणि खाली एक माणूस केवळ एका दोराने तिला आवरत असतो.

मला शिकवायला आले ते टपालखात्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे गृहस्थ. त्यांच्याबरोबर दवाखान्यातील एक परिचारिका, दोन शेतकरी, महाविद्यालयातील एक तरुण आणि तेरा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. यांपैकी कुणालाही याचा एक पैसा मिळत नाही. मी विचारले, "वेतन नाही, मग मानधन तरी?" टपालवाले आजोबा म्हणाले, "दोर तुटला तर नवीन दोराची वर्गणी मात्र आम्हालाच काढावी लागते."

दोराच्या मध्यभागी लोकरीचा जाड, रंगीत गुंडाळा असतो. तो धरून पहिली ओढ घ्यायची. मग दोर झपाट्याने वर जातो आणि हातात केवळ शेपटाचे टोक उरते. त्याने दुसरी ओढ घ्यायची. नवशिक्याच्या हाती फक्त शेपूट देतात आणि लोकरीचा भाग गुरू स्वतः सांभाळतो. आजोबांनी मला बजावले, "वर बघायचे नाही. दोर सुटला तर सुटू द्यायचा, लटकायचे नाही. आणि जोर लावायचा नाही."

मी जोर लावला. आपल्याला वाटते, एवढी जड वस्तू म्हणजे ताकद हवीच. घंटा वर धाडकन पोहोचली आणि आजोबांनी चपळाईने दोर सावरला नसता तर तिला अडवणारा लाकडी दांडा मोडलाच असता. तो दांडा मुद्दाम अशा बेताचा ठेवतात की चूक झालीच तर तो मोडावा, पण चौकट आणि घंटा वाचावी. दुसऱ्या खेपेस मी घाबरून हात आखडला. घंटा वरपर्यंत गेलीच नाही, अर्ध्यातूनच कललेली परत आली. तिसऱ्या खेपेस दोर माझ्या हातातून निसटला आणि सापासारखा खोलीभर फिरला. सगळे भिंतीशी सरकून उभे राहिले. त्या शाळकरी मुलीने हसू दाबले, ते मला दिसले.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही तिच्याशी भांडत आहात. ती स्वतःच येते. तिच्याबरोबर जा आणि ती वर टेकते तो क्षण हाताला कळू द्या." इंग्रजी भाषेत निर्जीव वस्तूला लिंग नसते, पण हे लोक घंटेला 'ती' म्हणतात, अगदी आपल्या मराठीप्रमाणे. विसाव्या का पंचविसाव्या ओढीला तो क्षण एकदा हाताला कळला. दोर अगदी हलका झाला. वर एवढे मोठे वजन आहे आणि ते आपल्या दोन बोटांवर तोलले गेले आहे, असे वाटले. तेवढे एकदाच. त्या सायंकाळची माझी कमाई ती एवढीच.

पाच हजार चाळीस

मग मला बाकावर बसवून सहा जणांनी दोर हाती घेतले. आरंभी सर्वांत लहान घंटेपासून मोठ्या घंटेपर्यंत क्रमाने उतरते सूर वाजतात. नंतर एका इशाऱ्यासरशी क्रम बदलू लागतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजते. पुढच्या फेरीत ती आपल्या जागी राहते किंवा फार तर शेजारच्या एका घंटेशी जागा बदलते. याहून मोठी उडी तिला घेता येत नाही, कारण एवढे वजन क्षणभर रोखता येते किंवा क्षणभर आधी आणता येते, त्यापलीकडे नाही. आणि मुख्य नियम असा की, एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजता कामा नये.

मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताचे आणि माझे शालान्त परीक्षेनंतर जमले नाही. पण भाचीने कागदावर मांडून दाखवले. तीन घंटांचे सहा क्रम होतात, चारांचे चोवीस, पाचांचे एकशे वीस, सहांचे सातशे वीस, सातांचे पाच हजार चाळीस. आठ घंटा घेतल्या की हा आकडा चाळीस हजार तीनशे वीस होतो आणि बारा घंटांवर तो सत्तेचाळीस कोटी नव्वद लाखांच्या पुढे जातो. बारा घंटांचे सर्व क्रम वाजवायचे तर अहोरात्र वाजवून तीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

सात घंटांचे पाच हजार चाळीस क्रम वाजवायला सुमारे तीन तास लागतात. त्या काळात कुणी दोर सोडत नाही, पाणी पीत नाही आणि कुणापुढे कागद नसतो. सारे मुखोद्गत. नॉर्विच येथे २ मे १७१५ रोजी असे पहिले पूर्ण वादन झाल्याची नोंद आहे. आठ घंटांचे सर्व चाळीस हजार तीनशे वीस क्रम जुलै १९६३ मध्ये लफबरो येथील घंटा ओतण्याच्या कारखान्यातील मनोऱ्यात आठ जणांनी सलग वाजवले. त्यास सतरा तास अठ्ठावन्न मिनिटे लागली.

बंधू-भगिनींनो, पाच हजार चाळीस हा आकडा कागदावर पाहताच मला काहीतरी आठवू लागले. रात्री घरी जाऊन पडताळून पाहिले आणि अंगावर रोमांच उभे राहिले. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे आजोबा काश्मीरहून येथे आलेले. त्याने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती ताना होतात, याची गणना आहे आणि तो आकडा आहे पाच हजार चाळीस! एवढेच नव्हे, तर अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे काढण्यासाठी 'खंडमेरू' नावाचे कोष्टकही त्याने दिले आहे. इंग्रजांचे घंटावादनावरील पहिले छापील पुस्तक निघाले १६६८ मध्ये. शार्ङ्गदेव त्याच्या चारशे वर्षे आधीचा.

दुसऱ्या बुधवारी मी हा कागद खिशात घालून मोठ्या तोऱ्यात त्या मनोऱ्यात गेलो. आजोबांना सारे सांगितले. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, मनापासून वाखाणणी केली, बाकीच्यांना बोलावून दाखवला. आणि मग अगदी निरागसपणे विचारले, "फारच सुंदर. आणि तुमच्याकडे आता हे कोण गाते?"

मला उत्तर देता आले नाही. प्रस्तार म्हणजे काय, हे जाणणारे विद्वान आपल्याकडे आहेत, स्वरांचे पलटे गळ्यात घोटवणारे गुरूही आहेत. पण एखाद्या खेड्यात टपालवाला, परिचारिका आणि शाळकरी मुलगी दर बुधवारी एकत्र जमून ते पाच हजार चाळीस मोजताहेत, असे मी सांगू शकलो नाही. आपल्याकडे हे आधी होते, हे खरे आहे आणि ते अभिमानाने सांगितलेच पाहिजे. परंतु 'आमच्याकडे हे होते' या वाक्यातील शेवटचा शब्द भूतकाळी आहे, हे त्या सायंकाळी मला प्रथम टोचले. ग्रंथात असलेले ज्ञान सुरक्षित असते. पण जिवंत राहते ते हातात आणि गळ्यात असलेलेच.

गप्प झालेले मनोरे

या लोकांनी ही कला कशी टिकवली, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी घंटावादकांची फारशी प्रतिष्ठा नव्हती. धर्माचरणापेक्षा दारू पिऊन दंगा करणारी मंडळी म्हणूनच अनेक ठिकाणी त्यांची ख्याती होती. आजही दोर ओढणारे सगळेच रविवारच्या प्रार्थनेला बसतात असे नाही. पण दोर मात्र सोडत नाहीत. पाच हजारांहून अधिक मनोऱ्यांत आजही अशा घंटा आहेत.

पहिल्या महायुद्धात सुमारे चौदाशे घंटावादक कामी आले. अनेक गावांतल्या पथकांत तरुण उरलेच नाहीत. त्या खेड्यातल्या मनोऱ्याच्या भिंतीवरही लाकडी फळ्यांवर पूर्वीच्या वादनांची नोंद रंगवलेली होती. एका फळीवरच्या सहांपैकी दोन नावे खालच्या स्मृतिफलकावर पुन्हा आली होती. २०१८ मध्ये युद्धसमाप्तीची शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा गेलेल्या चौदाशे जणांच्या जागी चौदाशे नवे घंटावादक तयार करण्याची हाक देशभर देण्यात आली. त्यांनी स्मारकासाठी दगड उभारला नाही. रिकाम्या झालेल्या दोराला हात मिळवून दिला. ती शाळकरी मुलगी आपल्या आईबरोबर आली होती. आई त्या २०१८ च्या हाकेला ओ देऊन शिकलेली.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, देशातील सर्व चर्चच्या घंटा बंद करण्यात आल्या. शत्रूचे सैन्य उतरले तरच त्या वाजवायच्या, असा आदेश होता. सबंध देश मुका झाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या विजयासाठी एका रविवारी त्या पुन्हा वाजल्या आणि १९४३ मध्ये बंदी उठली. आजोबांचे वडील त्या रविवारी याच मनोऱ्यात होते. सराव नसल्यामुळे वादन वेडेवाकडे झाले, पण कुणी नाव ठेवले नाही, असे ते सांगत.

या देशाने आपल्यावर राज्य केले, आपली कांस्यमूर्तींची, शिल्पांची लूट आपल्या संग्रहालयांत नेऊन ठेवली, हे मी विसरलेलो नाही. पण शत्रूचेही बळ कशात होते, हे पाहावे लागते. साम्राज्य गेले, चर्चमधील बाके ओस पडू लागली, तरी त्या खेड्यातल्या सहा माणसांनी बुधवार चुकवला नाही. आपल्यापैकी जे घोषपथकात आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पणव वाजवणारा एक जण चुकला की सगळ्या संचलनाचे पाऊल चुकते. तेथे कुणी एकट्याने चमकायचे नसते. आपला टोल आपल्या जागी पडला पाहिजे आणि शेजाऱ्याच्या दोरावर नजर पाहिजे. दिंडीतला टाळकरी तरी आणखी काय करतो?

नारोशंकराची घंटा

शेवटच्या बुधवारी सराव संपल्यावर सगळे बाकावर टेकले. त्या मुलीने मला विचारले, "तुमच्या देशात घंटा आहेत का?"

आता माझी पाळी होती! मी तिला सांगितले, आमच्याकडे घंटेवाचून पूजा सुरू होत नाही. देवांनी यावे आणि आसुरी वृत्तींनी दूर जावे, म्हणून आम्ही घंटानाद करतो. तुमची घंटा ज्या धातूची, त्याच धातूच्या आमच्या झांजा, टाळ आणि काशाच्या वाट्या. सुमारे पाऊण भाग तांबे आणि उरलेले कथील. आम्ही त्याला कांसे म्हणतो. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या उंच मनोऱ्यात तुमच्या लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत, हेही सांगितले. त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर केवढे ग्रामण्य झाले, ते मात्र तिला समजावणे कठीण गेले.

मग मी वसईचा इतिहास काढला. उत्तर कोकणातील आमच्या लोकांवर पोर्तुगीजांनी केलेले अत्याचार, दोन वर्षांची मोहीम आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सर केलेली वसई. विजयी मराठ्यांनी तेथील मोठमोठ्या घंटा देशावर आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकला रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, भीमाशंकराच्या दारात त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ आणि नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ज्या घंटा परक्या सत्तेची द्वाही फिरवीत होत्या, त्याच महादेवाच्या आरतीला वाजू लागल्या. नाशिककर तर गोदावरीच्या पुराचे माप दुतोंड्या मारुतीवरून आणि नारोशंकराच्या घंटेवरून सांगतात. 

सगळे मन लावून ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "आणि तुमच्या गावातली घंटा? ती तुम्ही वाजवता?"

मी म्हणालो, "लहानपणी वाजवत असे."

"आता कोण वाजवते?"

मी विषय बदलला.

बंधू-भगिनींनो, तिला जे सांगितले नाही, ते आज आपल्याला सांगतो. माझ्या गावी मारुतीचे देऊळ आहे. माझ्या लहानपणी सायंकाळच्या आरतीला गुरवकाका नगारा वाजवीत. घंटेला दोर बांधलेला असे आणि तो दोर कुणी ओढायचा, यावरून आम्हा मुलांची भांडणे होत. एकाने घंटा, चौघांनी झांजा, एकाने शंख. चुकलो की गुरवकाका नगाऱ्यावरची टिपरी उगारत. पुढे मुले शिकायला बाहेर पडली, मीही पडलो. गुरवकाका थकले आणि गेले. त्यांचा मुलगा कारखान्यात लागला. आरतीला चार म्हातारी माणसे उरली आणि त्यांच्या हातांना नगारा पेलेना. तेव्हा कुणीतरी सुचवले, विजेवर चालणारे यंत्र घेऊ. नगारा, झांजा आणि घंटा एकाच लोखंडी चौकटीत बसवलेल्या. बटण दाबले की सगळे आपोआप वाजते. आपण सर्वांनी ते पाहिले आहे. वर्गणी निघाली. त्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात माझे नाव आहे आणि माझा आकडा बराच वरचा आहे. ज्या दिवशी ते यंत्र बसवले, त्या दिवशी मी समाधानाने घरी आलो. देवाची सेवा खंडित होऊ दिली नाही, असे मला वाटले होते.

यंत्र वाईट नाही. ज्या गावात खरोखरच कुणी उरले नाही, तेथे ते अंधारातल्या पणतीसारखे आहे. पण आमच्या गावात माणसे उरली नव्हती, असे नव्हते. देवळासमोरच्या पारावर त्या वेळीही दहा-बारा मुले बसलेली असत. त्यांना कुणी 'आत या, दोर धरा' म्हटले नाही. मीही नाही. आम्ही पैसे देऊन हाक मारण्याचे कष्ट वाचवले. आणि एकदा यंत्र आले, मग मुलांना आत येण्याचे कारणच उरले नाही. यंत्र ताल चुकत नाही. पण ते कुणाला शिकवतही नाही.

एक शनिवार

इंग्लंडहून परतल्यावर मी गावी गेलो. देवस्थानच्या पंचांना म्हणालो, यंत्र काढू नका, पण शनिवारच्या आरतीला ते बंद ठेवा. थोडी कुरबुर झाली. 'ताल चुकेल', 'मुले गोंधळ घालतील', 'वेळ कुणाला आहे' वगैरे. शेवटी मान्य झाले. गुरवकाकांच्या मुलाला, जो आता स्वतः निवृत्त झाला आहे, विनंती केली. तो म्हणाला, "मला तरी कुठे येते? बाबा वाजवायचे, मी ऐकायचो." म्हटले, ऐकलेले तरी आहे ना, तेवढे पुरे.

पहिल्या शनिवारी चार मुले आली. नगारा पुढे, झांजा मागे, घंटा कुठेच नाही, अशी गत झाली. आरती म्हणणाऱ्या आजी मध्येच थांबून हसू लागल्या. दुसऱ्या शनिवारी तीनच आली. आज मी आपल्यापुढे उभा आहे तेव्हा हा आकडा सात आहे. त्यांत दोन मुली आहेत. कधी नऊ होतो, परीक्षा आल्या की दोन. उरलेले सहा दिवस आजही यंत्रच वाजते. मी काही फार मोठा पराक्रम सांगत नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच.

पण गेल्या महिन्यात मी गावी होतो, तेव्हा एका मुलाने घंटेचा दोर माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "काका, जोर लावू नका, नाहीतर लोलक दोनदा आपटतो." ते टपालवाले आजोबा आणि हा मुलगा कधी भेटणार नाहीत. तरी दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली. ज्याच्या हातात दोर असतो, त्याला ती आपोआप कळते. ती कुणी पुस्तकातून सांगावी लागत नाही.

आपली संस्कृती सनातन आहे, असे आपण म्हणतो. ते सत्य आहे. पण ती सनातन राहिली ती प्रत्येक पिढीत कुणीतरी दोर हाती घेतला म्हणून. चिमाजी अप्पांनी वसईहून घंटा आणून दिल्या. त्या वाजवायला अप्पा पुन्हा येणार नाहीत. शार्ङ्गदेवाने पाच हजार चाळीस ताना मोजून दिल्या. त्या गायला तो येणार नाही. ते काम आपले आहे आणि त्यासाठी मोठी संस्था, मोठा निधी लागत नाही. आठवड्यातील एक सायंकाळ लागते, आणि पारावर बसलेल्या मुलाला 'आत ये' म्हणणारा एक माणूस लागतो.

येत्या शनिवारी आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या आळीतल्या देवळात आरतीला जावे. बटणाकडे जाणारा हात क्षणभर थांबवावा आणि शेजारच्या मुलाला दोर द्यावा. ताल चुकेल. तो चुकू द्यावा. इंग्लंडातल्या त्या मनोऱ्यात पहिल्या सायंकाळी माझाही चुकला होता, पण कुणी मला बाहेर काढले नाही.

 येथेच थांबतो. वंदे मातरम्!